बंदर सरकलं, शहर राहिलं : सुरत पाहायला जाताना

सुरतेच्या गाडीत बसलेल्या मराठी माणसाला सहज विचारा, तो साड्या घ्यायला चाललेला असतो, नात्यातल्या लग्नाला, नाहीतर कंपनीच्या कामाला. ‘फिरायला चाललोय’ म्हणणारा विरळाच. मुंबई सेंट्रलपासून २६३ किलोमीटर, वंदे भारतने तीन तासांच्या आत, आणि तरी पर्यटनाच्या यादीत सुरत नाही. यात आपला दोष थोडा, सुरतेचा जास्त. हे शहर विकण्यात तरबेज आहे, दाखवण्यात नाही. जयपूरसारखं ते पाहुण्यासाठी नटून बसत नाही. सतराव्या शतकात जगभरचा माल जिथे उतरत होता त्या जागी आज उभं राहिलात, तर समोर तापी, एक किल्ला आणि रिक्षांची कोंडी दिसते. बंदर नावाचं काही दिसतच नाही.

म्हणून सुरतेला जाताना एक धागा मनाशी ठरवून जा: बंदर शोधायचं. गेल्या पाचशे वर्षांत ते एका जागी राहिलेलं नाही. आधी पलीकडच्या काठावर रांदेर, मग अलीकडे किल्ल्याखालचा घाट, मोठ्या जहाजांसाठी समुद्रावरचं सुवाळी, आणि आज हजिरा. या चार जागा जोडत फिरलात की सुरत उलगडते. दोन मुक्काम पुरेत. मॉल आणि मल्टिप्लेक्स तुमच्या गावातही आहेत, त्यांत वेळ घालवू नका.

कधी जावं? डिसेंबर ते फेब्रुवारी, दुसरा विचार नको. हवा बरी असते आणि पोंक (तिथला हुरडा), पापडी, हिरवा लसूण बाजारात आलेला असतो. मकरसंक्रांतीला, म्हणजे तिथल्या उत्तरायणाला, सगळं शहर गच्चीवर असतं. मजा आहे, पण त्या दोन दिवसांत दुचाकीवर फिरायचं असेल तर मांज्यापासून गळा जपा. मे महिन्यात चुकूनही जाऊ नका, घामाने जीव नकोसा होतो. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते: दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत सुरतेचा बाजार झोपलेला असतो. हिऱ्यांचे कारखाने तर त्यानंतरही बरेच दिवस उघडत नाहीत, कारण कारागीर सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी गेलेले असतात. आपल्या मुलांची दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच. खरेदीसाठी जाणार असाल तर ही सुट्टी सोडा. नुसतं फिरायचं असेल तर उलट रस्ते मोकळे मिळतील.

मुंबई-पुण्याहून रेल्वेच सोयीची. तिकीट काढताना गाडी सुरतेला थांबते की उधन्याला, हे पाहून घ्या. सुरत स्थानकाच्या पुनर्बांधणीमुळे काही गाड्या उधन्याकडे वळवल्या आहेत आणि दोन्हींमध्ये रिक्षाचं अंतर आहे. जळगाव, अमळनेर, नंदुरबारच्या वाचकांना तापीकाठची भुसावळ लाइन वेगळी सांगायला नको. नवापूरचं स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, खिडकी मिळाली तर तेवढं पाहा. नाशिककरांना मात्र रस्ताच बरा, पेठ-धरमपूरचा किंवा सापुतारा घाटाचा. मुक्कामाला स्टेशनसमोरची हॉटेलं स्वस्त पडतात, पण रात्रभर भोंगे ऐकावे लागतात. नानपुरा, अठवा किंवा नदीपलीकडचं अडाजण बरं. स्टेशनवर ‘साडीच्या फॅक्टरीत नेतो, भाडं देऊ नका’ म्हणणारा रिक्षावाला भेटेल. त्याचं भाडं दुकानदार देतो आणि दुकानदाराचं तुम्ही. ॲपवरची रिक्षा करा किंवा सिटीलिंकची बस धरा. जुन्या शहरात मेट्रोच्या कामामुळे रस्ते वळवलेले असतात, तिथे पायी चालणंच शहाणपणाचं.

पहिल्या सकाळी चौक बाजारातल्या किल्ल्यापासून सुरुवात करा. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये सुरत आणि रांदेर जाळल्यावर गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याने हा किल्ला बांधायला लावला. काम केलं खुदावंदखान ऊर्फ ख्वाजा सफरने, १५४० ते १५४६ च्या सुमारास. आपल्या सह्याद्रीच्या गडांची सवय झालेल्या डोळ्यांना तो चिमुकला वाटेल. पण हा गड नव्हेच, हा जकात नाक्याचा पहारेकरी. भरतीबरोबर नदीतून वर येणाऱ्या प्रत्येक होडीवर त्याच्या तोफा रोखलेल्या असत आणि शेजारीच मोगलांचं जकातघर होतं. परदेशी प्रवाशाचे खिसेसुद्धा तिथे तपासले जात. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये उतरला तेव्हा या झडतीवरूनच त्याची मोगल अधिकाऱ्यांशी जुंपली. महापालिकेने किल्ल्याची चांगली डागडुजी करून आत दालनं मांडली आहेत. दीड-दोन तास ठेवा. सोमवार टाळा, तो संग्रहालयांच्या सुट्टीचा वार.

बुरुजावर नदीच्या बाजूला उभे राहिलात की जानेवारी १६६४ आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाजी महाराज शहराबाहेर बुऱ्हाणपूर दरवाजाजवळ तळ देऊन होते आणि मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दार लावून बसला होता. त्याने बोलणी करायला म्हणून पाठवलेल्या माणसाने महाराजांवरच हल्ला केला. किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा शहरातल्या घरांचंच जास्त नुकसान केलं. वीरजी व्होरा आणि हाजी सैद बेग यांच्यासारख्या गडगंज सावकारांच्या हवेल्या रित्या झाल्या. पण कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांना हात लागला नाही, आणि डचांचा दिवंगत दलाल मोहनदास पारेख दानशूर होता म्हणून त्याचं घरही सोडून दिलं, असं फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून गेला आहे. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीची लढाई झाली, ती याच स्वारीतली. बुऱ्हाणपुरी भागळ हे नाव आजही वस्तीला आहे, रिक्षावाल्याला सांगितलं तर नेतो. तिथे स्मारक शोधू नका. गजबजलेली वस्ती आहे, तेवढंच. स्वारीची हकीकत डच आणि इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत तपशिलाने आली आहे. जाण्याआधी मराठीत उपलब्ध असलेलं एखादं चांगलं शिवचरित्र त्या प्रकरणापुरतं तरी वाचून जा, नाहीतर किल्ल्यात नुसत्या भिंती दिसतील.

किल्ल्यापासून चालत मुगलीसरा गाठा. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकतखानाने बांधलेली ही मुसाफिरांची सराय. आज तिच्यात महापालिकेचं मुख्यालय आहे. कमानींखालून फायली घेतलेले कारकून जातात, घरपट्टीच्या रांगा लागतात. ऐतिहासिक वास्तूचा असा रोजचा वापर मला तरी कुंपण घालून कुलूप लावण्यापेक्षा बरा वाटतो. कचेरीच्या वेळेत अंगणात डोकावता येतं. हजला जाणारे यात्रेकरू हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून सुरतेला येत आणि इथूनच जहाजावर चढत. मोगल बादशहांना या बंदराची एवढी काळजी का होती, ते यावरून कळेल. इंग्रजांच्या पहिल्या वखारीची जागाही याच भागात, पण तिथे पाहण्याजोगं काही उरलेलं नाही. फलक शोधण्यात दुपार घालवू नका.

वखारीचं काय झालं ते मात्र लक्षात असू द्या. कप्तान हॉकिन्स १६०८ मध्ये इथे आला, १६१३ मध्ये वखारीला परवानगी मिळाली, आणि १६८७ मध्ये इंग्रजांच्या कंपनीने आपलं मुख्य ठाणं उचलून मुंबईला नेलं. त्यामागोमाग व्यापारी गेले, पारशी गेले. जहाजं बांधणारा लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला बोलावला गेला. आपली मुंबई पुष्कळशी सुरतेच्या उसनवारीवर उभी आहे, हे मुंबईकराला सुरतेत फिरतानाच पटतं.

दुसऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत कतारगाम दरवाजाकडची दफनभूमी गाठा. माझ्या मते सुरतेत एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही. इंग्रज आणि डच व्यापारी एकमेकांशी मरेपर्यंत भांडले आणि मेल्यावर कोणाचं थडगं मोठं यावरही चढाओढ करत राहिले. घुमट, खांब, सज्जे, सगळा थाट मुसलमानी मकबऱ्यांचा, आत मात्र ख्रिस्ती सौदागर. इंग्रजांच्या बाजूला जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफर यांची दुमजली कबर आहे. १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार लढवली तो हाच जॉर्ज, १६६९ मध्ये वारला. डचांच्या बाजूचं सर्वांत मोठं थडगं हेंड्रिक व्हान रीड याचं. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे येत असताना तो जहाजावरच मेला. हा केरळात डचांचा सुभेदार होता आणि तिथल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. त्या कामाला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेला कोकणी दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. ॲमस्टरडॅमला छापलेल्या पुस्तकात आपली लिपी त्या काळी पोहोचली, ती या थडग्यातल्या माणसामुळे. जवळच आर्मेनियन व्यापाऱ्यांची जमिनीसपाट थडगी आहेत, त्यांवरची अक्षरं अजून वाचता येतात. जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. गाइड नसतो, पाण्याची बाटली सोबत ठेवा, बूट घाला. गवत वाढलेलं असतं.

तिथून नदी ओलांडून रांदेर. पर्यटक इथे येत नाहीत, म्हणूनच या. सुरत नावारूपाला येण्याआधी इथले अरब आणि जैन व्यापारी समुद्रापलीकडे माल धाडत होते. पोर्तुगीजांनी गाव जाळल्यावर बंदर समोरच्या काठावर सरकलं. एकोणिसाव्या शतकात मात्र रांदेरच्या लोकांनी रंगून गाठलं, पैसा कमावला आणि परत येऊन ब्रह्मी सागवानाची घरं बांधली. नक्षीची दारं, रंगीत काचा, लाकडी सज्जे. बरीच घरं पडायला आली आहेत, काही पाडून इमारती झाल्या आहेत. फोटो काढण्याआधी ओट्यावर बसलेल्यांना विचारा. इथे ‘भाई’ आणि ‘बेन’ म्हटलं की माणसं बोलती होतात. रंगूनहून आलेली दुसरी चीज म्हणजे खावसा, नूडल्सवर ओतलेला घट्ट रस आणि वरून कुरकुरीत शेव. आलू पुरीचं मूळही लोक इकडेच सांगतात. तळहातापेक्षा लहान पुऱ्या, वर रगडा, कोकमाची चटणी आणि कांदा. रमजानच्या दिवसांत संध्याकाळी रांदेरचा बाजार खाणाऱ्यांनी फुललेला असतो.

आता समुद्र. मोठी जहाजं तापीत सहसा शिरत नव्हती, गाळ आड येई. ती सुवाळीच्या किनाऱ्यावर नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांनी नाहीतर लहान होड्यांनी शहरात जाई. नोव्हेंबर १६१२ मध्ये टॉमस बेस्टच्या इंग्रजी गलबतांनी पोर्तुगीजांना इथेच दमवलं आणि मोगल दरबारी इंग्रजांचं वजन वाढलं. आज सुवाळीला काळसर वाळू, सुरूची झाडं आणि मागे कारखान्यांची धुराडी असा देखावा आहे. पोहायला मुळीच उतरू नका. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो, पाणी बघता बघता मागून येतं. डुमसचंही तेच. डुमसच्या भुताच्या गोष्टी ऐकवणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा आणि टोमॅटोच्या भज्यांकडे लक्ष द्या. रविवारी संध्याकाळी मात्र डुमसला जाऊ नका. अर्धी सुरत तिथेच असते आणि परतताना दोन तास गाडीत जातात.

हजिऱ्याच्या बंदरात फाटकापलीकडे पर्यटकाला जाता येत नाही. कंटेनर, गॅसची टर्मिनल, पोलादाचा कारखाना, सगळं कडक पहाऱ्यात. त्यावर एक तोड आहे. नोव्हेंबर २०२० पासून हजिरा ते भावनगरजवळचं घोघा अशी रो-रो फेरी सुरू आहे. ट्रक, मोटारी, माणसं घेऊन जहाज आखात ओलांडतं. रस्त्याने साधारण ३७० किलोमीटर पडणारं अंतर समुद्रातून ९० किलोमीटर होतं आणि चारेक तास लागतात. पुढे सौराष्ट्रात जायचं असेल तर हाच मार्ग घ्या. सुरतेचं आजचं बंदर पाण्यावरून पाहण्याचा साध्या माणसाला हाच सोपा रस्ता आहे. तिकीट आधी काढा, वेळापत्रक त्या आठवड्याचं पाहा, पावसाळ्यात फेऱ्या रद्द होतात, आणि धक्का शहरापासून लांब आहे हे धरून दोन तास आधी निघा.

मराठी वाचकाला आणखी एक पत्ता द्यायला हवा, जरी तिथे पाहण्यासारखं फार नाही. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची होती, ती हलवून सुरतेला तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये भरवली. जहाल आणि मवाळ तिथेच फुटले. टिळक व्यासपीठावर उभे, रासबिहारी घोष अध्यक्ष, आणि सभेतून भिरकावलेला दख्खनी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. नदीकाठी फिरताना एवढं आठवलं तरी पुरे.

खाण्याबद्दल गुजरातीत म्हण आहे, जेवण सुरतेचं आणि मरण काशीचं. पहिला भाग तपासता येतो. सकाळी लोचो खा, उशीर करू नका. खमणाचं पीठ सैल राहिलं म्हणून जन्मलेला, असं म्हणतात, पण वर तेल, शेव आणि कांदा घालून गरम खाल्ला की बिघडलेला वाटत नाही. हिवाळ्यात अडाजणकडे पोंकाचा हंगामी बाजार भरतो. आपल्या हुरड्याचाच हा सुरती भाऊ, फक्त गुळखोबऱ्याऐवजी लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे सोबत घेतात. उंधियू घ्याल तर हिरवं, सुरती पापडीचं घ्या, लाल मसाल्याचं नको. नानपुऱ्यात मक्कई पुलाजवळ दोटीवाला बेकरी आहे. डचांनी जाताना आपली भट्टी एका पारशी कामगाराच्या हाती सोपवली, तिथून ही परंपरा आली असं घराणं सांगतं. नानखटाई आणि कडक बिस्किटं तिथून घ्या.

बाजाराचे नियम वेगळे आहेत. रिंग रोडवरची टेक्स्टाइल मार्केटं घाऊक आहेत. एक साडी मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे पाहणारही नाही, त्याला सेट विकायचा असतो. चार-पाच जणी मिळून गेलात तर गोष्ट वेगळी. सुट्या खरेदीसाठी उमरवाड्याचं बॉम्बे मार्केट बरं. रविवारी घाऊक बाजार बंद. जरी घ्यायची असेल तर तीन प्रकार समजून घ्या. अस्सल जरीत रेशमी दोऱ्यावर चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. हाफ-फाइनमध्ये चांदीऐवजी तांबं. तिसरी म्हणजे प्लास्टिकची पट्टी, चमकते सर्वांत जास्त. येवल्याच्या पैठणीतली जरीही बहुधा सुरतेहूनच आलेली असते. बिलावर प्रकार लिहून मागा, कुरकुर केली तर दुकान बदला. हिऱ्यांसाठी महिधरपुऱ्याच्या गल्लीत कामाच्या दिवशी दुपारी जा. रस्त्यावर उभे राहून माणसं कागदाच्या पुड्या उलगडतात आणि भिंगातून लाखोंचे सौदे होतात. पाहा, पण काही घेऊ नका, आणि फोटो विचारल्याशिवाय नको. हिरा घ्यायचाच असेल तर प्रमाणपत्रासह, नोंदणी असलेल्या दुकानातून, आणि खाणीतला की प्रयोगशाळेतला हे लेखी. खाजोदचा प्रचंड डायमंड बोर्स बाहेरूनच पाहावा लागतो, आत पास लागतो.

गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकाला तात्पुरता परवाना ऑनलाइन मिळतो, पण परवान्याशिवाय गाडीत एक बाटलीसुद्धा नको. दमणहून येताना सवयीने टाकलेली बाटली नाक्यावर महागात पडते. भाषेची चिंता करू नका. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत खानदेशी माणसं भरपूर आहेत, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि रिक्षावाला अहिराणीत बोलायला लागला तर भाडं ठरवणं सोपं जातं.

घरी न्यायची सुरती मिठाई, घारी, मात्र शेवटच्या दिवशी, गाडीच्या आधी घ्या. खव्याची असते, वर तुपाचा थर असतो आणि फार दिवस टिकत नाही. घरी पोहोचलात की फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.